टायर, उंची आणि गिअर: एकाच निर्णयाच्या तीन बाजू

अमेरिकेत पिकअप ट्रक घेतल्यावर तो ‘उचलून’ घेण्याची आणि वाढलेल्या उंचीत मोठे टायर बसवण्याची रीत निदान सहा दशकांची आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, युटामधल्या मोआबच्या खडकांत आणि मिनेसोटाच्या बर्फात ती वेगवेगळ्या गरजांतून वाढली. आज तिच्याभोवती मोठा व्यापार उभा आहे. या व्यापाराची मांडणीच अशी आहे की ग्राहक आधी लिफ्ट किट घेतो, मग त्यात मावतील तेवढे मोठे टायर घेतो आणि गिअरचा विचार ट्रक चढावर धापा टाकू लागल्यावर करतो. हा क्रम उलटा आहे, हे या पुस्तकाचे मूळ म्हणणे आहे आणि या प्रस्तावनेचेही. टायरचा व्यास बदलला की ट्रकचा गिअर रेशो त्याच दिवशी बदलतो. डिफरन्शियलमधले दाते तेच राहतात, पण इंजिनाला रस्त्यावर जो फायदा मिळत होता तो कमी होतो. म्हणून टायर, उंची आणि गिअर हे तीन वेगळे खर्च समजून एकामागून एक करण्यात तोटा आहे. तिन्हींचा हिशेब एका बैठकीत झाला पाहिजे, आणि त्याची सुरुवात ट्रक कोणत्या कामासाठी हवा आहे या प्रश्नापासून झाली पाहिजे.

हा हिशेब अवघड नाही. २६५/७० आर १७ हे पिकअपवर नेहमी दिसणारे माप घेऊ. यातला २६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के उंचीची बाजूची भिंत आणि १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. गणित केले की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच येतो. त्या जागी ३५ इंची, म्हणजे ८८९ मिलिमीटरचा टायर बसवला की व्यास सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. ट्रकला कारखान्यातून ३.७३ चा रेशो मिळाला असेल तर तो आता ३.३७ असल्यासारखा वागतो. मूळ स्थिती परत आणायला ४.१३ हवा, आणि बाजारात त्याच्या जवळचा आकडा ४.१० मिळतो. वरच्या गिअरचा रेशो ०.७० धरला तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे १,७२५ फेरे घेत होते, ते आता १,५६० घेते. ४.१० बसवल्यावर आकडा १,७१३ वर येतो आणि ४.५६ बसवल्यावर १,९०५ वर. स्पीडोमीटरही फसतो. तो १०० दाखवत असताना ट्रक प्रत्यक्षात ११० च्या वर पळत असतो.

या आकड्यांवरून ४.१० हे उत्तर पक्के झाले असे वाटेल. पण व्यासाचे गणित इथे अर्धेच काम करते. ३५ इंची टायर रुंद असतो आणि बहुतेकदा जड थरांचा असतो. मूळ टायरपेक्षा त्याचे वजन कित्येक किलो जास्त भरते, आणि हे वजन फिरत्या चाकाच्या कडेला असल्याने वेग घेताना व थांबताना त्याचा भार अधिक जाणवतो. उचललेल्या ट्रकला वाराही जास्त अडतो. शिवाय अनेक मालक टायरसोबत लोखंडी बंपर, विंच आणि छतावरचा रॅक चढवतात. म्हणून अनुभवी कारागीर व्यासाच्या गणितातून आलेल्या रेशोच्या एक पायरी पुढे जातात आणि पेट्रोल इंजिनाच्या ट्रकला ३५ इंचांसोबत ४.५६ सुचवतात. ही शिफारस वजन, वारा आणि उंच प्रदेशातली विरळ हवा यांची भरपाई आहे. कोलोरॅडोतला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर जातो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावते, त्यामुळे समुद्रकाठी पुरेसा वाटणारा रेशो तिथे तोकडा पडतो. याच गणिताची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. ३१.६ वरून ३३ इंचांवर गेले तर फरक चार-साडेचार टक्क्यांचा पडतो आणि बहुतेक ट्रकना गिअर बदलावे लागत नाहीत. ‘मोठे’ आणि ‘अति मोठे’ यांमधली सीमा इथे आकड्यांनी दिसते.

उंचीबद्दलचा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. ट्रक उचलला की खालचे सगळेच वर जाते, असे अनेकांना वाटते. सलग, एकसंध ॲक्सल असलेल्या ट्रकमध्ये लिफ्ट किटमुळे फ्रेम आणि बॉडी वर जातात, पण ॲक्सल आणि त्याचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर राहतो. खडकावर सगळ्यात आधी आपटणारा भाग नेमका तोच असतो. त्याला वर उचलण्याचा साधा मार्ग मोठा टायर हाच आहे, आणि तिथेही व्यासातल्या वाढीचा निम्माच भाग कामी येतो. वरच्या उदाहरणात ८६ मिलिमीटर वाढीतून ४३ मिलिमीटर मिळतात. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर केवळ स्पेसर घालून उचलण्याला लवकर मर्यादा येते, कारण हाफ शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि झिजतात. म्हणून मोठ्या किटमध्ये डिफरन्शियल फ्रेमपासून खाली सोडावा लागतो. बॉडी लिफ्टने बॉडी आणि फ्रेम यांच्यातले अंतर तेवढे वाढते. थोडक्यात, लिफ्टचे खरे काम टायरला जागा करून देणे आणि सस्पेन्शनला हालचालीची मोकळीक देणे एवढे आहे. टायर न ठरवता उंची ठरवणाऱ्याला गुरुत्वमध्य वर गेल्याचा तोटा मात्र पूर्ण मिळतो.

गिअर बदलणे म्हणजे डिफरन्शियलमधली क्राउन आणि पिनियनची जोडी बदलणे. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो मिळतो. ४१ ला ११ ने भागले की ३.७३, १० ने भागले की ४.१०, ९ ने भागले की ४.५६. ३९ ला ८ ने भागले की ४.८८. या मालिकेतच तिची मर्यादा दिसते. आकडा वाढतो तसा पिनियन लहान होतो, त्याचे दाते कमी होतात आणि एका वेळी भार पेलणारे धातूचे क्षेत्र घटते. त्यामुळे ३७ किंवा ४० इंची टायरच्या गोष्टी सुरू झाल्या की रेशोइतकाच ॲक्सलच्या आकाराचा प्रश्न समोर येतो. डेना ४४ सारख्या ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंतचा कॅरिअर, म्हणजे क्राउनला धरून ठेवणारा भाग, वेगळा आणि ३.९२ पासून पुढचा वेगळा असतो, हे माहीत नसलेल्याचे अंदाजपत्रक मध्येच कोलमडते. फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल एकाच रेशोवर आणावे लागतात. नाहीतर पुढची-मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी, भरडली जाते. बसवणीही कारागिराची परीक्षा घेते. दात्यांमधली मोकळीक बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते, पिनियनच्या बेअरिंगवरचा दाब नेमका लागतो आणि रंग लावून दात्यांवरचा ठसा तपासावा लागतो. नवी जोडी सुरुवातीचे काही शे किलोमीटर हलक्या भाराने चालवून मग तेल बदलायचे असते.

टायर आणि गिअर यांची जोडी ही आधुनिक कल्पना नाही, हे इतिहास सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी जीप ६० अश्वशक्तीच्या इंजिनावर आणि अरुंद ६.००-१६ टायरवर चालत असे, आणि तिच्या दोन्ही ॲक्सलना ४.८८ चा रेशो होता. युद्धानंतरच्या सीजे-२ए या नागरी जीपमध्ये तो ५.३८ झाला, कारण ती शेतात नांगर ओढणार होती. १९४६ साली आलेल्या डॉज पॉवर वॅगनला ९.००-१६ मापाचे टायर मिळत. आजच्या मोजमापाने ते ३५ इंचांच्या आसपास भरतात, आणि त्यांच्यासोबत ४.८९ किंवा ५.८३ असे रेशो दिले जात. म्हणजे कारखान्याने मोठा टायर दिला तेव्हा त्याला शोभणारा गिअरही दिला. त्या काळात फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप फार थोडे होते. मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी फोर्डच्या ट्रकना आणि नॅपको ही शेवरले व जीएमसीच्या ट्रकना फोर-व्हील-ड्राइव्ह जोडून देई. शेवरलेने १९५७ मध्ये आणि फोर्डने १९५९ मध्ये कारखान्यातूनच असे पिकअप विकायला सुरुवात केली. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात डिक सेपेक यांनी शेतीयंत्रांसाठी बनलेले रुंद टायर वाळूत धावणाऱ्या गाड्यांसाठी विकले, आणि रुंद टायर हा छंदाचा विषय झाला. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली शर्यत सुरू झाली. १९७६ मध्ये बीएफगुडरिचचा ऑल-टेरेन रेडियल टायर आला आणि रस्त्यावर व रस्त्याबाहेर एकच टायर चालवण्याची सोय झाली. मिसूरीतल्या बॉब चँडलर यांच्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ने, म्हणजे ‘बिगफूट’ने, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ४८ इंची टायरवरून मोटारी चिरडून दाखवल्या. तेव्हापासून ‘जितका मोठा तितका चांगला’ ही समजूत घरोघर पोचली. त्या ट्रकखाली लष्करी ट्रकचे ॲक्सल होते, ही बाब मात्र प्रेक्षकांच्या लक्षात राहिली नाही.

या इतिहासातून आजच्या विचारधारा निघाल्या आहेत आणि नवख्या वाचकाने त्यांची सरमिसळ टाळली पाहिजे. वाळवंटी शर्यतीच्या परंपरेत उंचीपेक्षा सस्पेन्शनची लांब हालचाल आणि चाकांमधली रुंदी महत्त्वाची मानतात, आणि गिअर वेगासाठी निवडतात. खडक चढणाऱ्यांना सगळ्यात हळू गती हवी असते. ते पहिला गिअर, ट्रान्सफर केसची लो रेंज आणि ॲक्सलचा रेशो यांचा गुणाकार पाहतात. जुन्या विलिस एमबीत हा गुणाकार २५ च्या थोडा पुढे होता. २००३ च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये ४ पट लो रेंज आल्यामुळे मॅन्युअल गिअरबॉक्ससह तो ६५ च्या वर गेला. चिखलात जाणाऱ्यांचे गणित उलट असते. टायरच्या खाचांतला चिखल झटकायला चाक वेगाने फिरावे लागते, म्हणून त्यांना ताकद आणि वेग दोन्ही हवेत. आइसलंडमध्ये, विशेषतः आर्क्टिक ट्रक्सच्या कामात, टोयोटा हायलक्सवर ३८ ते ४४ इंची टायर बसवून त्यांतली हवा अगदी थोड्या पीएसआयवर आणतात. मोठा टायर तिथे हिमनदीवरच्या बर्फात न रुतता तरंगण्यासाठी असतो. ऑस्ट्रेलियात पाणी, इंधन आणि सामान लादून हजारो किलोमीटर जायचे असते, म्हणून तिथली परंपरा संयमी आहे. तिथल्या नियमांनीही साध्या बदलात टायरच्या व्यासवाढीला बहुतेक ठिकाणी ५० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. अलीकडे अमेरिकेतही ‘कमी उंची, मोठा टायर’ मानणारा गट वाढतो आहे. तो फेंडर कापून जागा करतो आणि गुरुत्वमध्य खाली ठेवतो. माझ्या मते साध्या मालकाला सगळ्यात जास्त शिकवण्यासारखे या शेवटच्या दोन परंपरांकडे आहे, कारण दोन्हींत टायरचा आकार कामातून ठरतो.

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे. मोजक्या इंधनात जास्त अंतर जाण्याचे नियम पाळण्यासाठी कारखान्यांनी पिकअपचे ॲक्सल रेशो ३.२१, ३.३१, ३.०८ असे खाली आणले. ऐंशीच्या दशकापासून ओव्हरड्राइव्ह आणि नंतर आठ-दहा गिअरचे ऑटोमॅटिक आल्याने ते शक्यही झाले. त्याच काळात मालकांचे टायर वाढत गेले, म्हणजे दोन्ही बदल एकाच दिशेने इंजिनाचा फायदा कमी करणारे ठरले. त्यातच नव्या ट्रकची सुरक्षा यंत्रणा चाकाच्या फेऱ्या मोजून चालते. अमेरिकेत सगळ्या हलक्या वाहनांना २०१२ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल बंधनकारक आहे. टायर बदलून संगणकाला ते सांगितले नाही तर त्याचे अंदाज चुकतात. पुढचा रडार आणि कॅमेराही उंची बदलल्यावर पुन्हा जुळवावे लागतात. विजेच्या पिकअपने तर प्रश्नच वेगळा केला आहे. २०२१ पासून ग्राहकांना मिळू लागलेल्या रिव्हियन आर१टीसारख्या ट्रकमध्ये रेशो बदलण्याची नेहमीची वाट नाही, आणि मोठ्या टायरचा तोटा थेट एका चार्जमध्ये कापायच्या अंतरावर दिसतो.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की दहा गिअरच्या ट्रकला ॲक्सलचे गिअर बदलायची गरजच काय? फोर्डच्या दहा गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ४.७० चा आहे, तर जीएमच्या जुन्या चार गिअरच्या ४एल६०-ईचा ३.०६ चा होता. त्यामुळे सुरुवातीची ताकद आता पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. रॅम टीआरएक्स ७०२ अश्वशक्तीवर, आठ गिअर आणि ३.५५ च्या रेशोसह ३५ इंची टायर कारखान्यातूनच चालवत असे. मात्र अशी ताकद नसलेल्या ट्रकमध्ये सगळ्यात वरचे गिअर वापरता येईनासे होतात आणि ट्रान्समिशन सारखे खाली-वर करत तापते. कारखान्यांनीच याची साक्ष दिली आहे. फोर्डने ब्रॉन्कोच्या सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये ३५ इंची टायरसोबत ४.७० चा रेशो दिला. जीपने रँग्लरच्या एक्स्ट्रीम रेकॉनमध्ये त्याच मापासोबत ४.५६ दिला. अभियंत्यांच्या हाती दहा आणि आठ गिअरचे ट्रान्समिशन असतानाही त्यांनी ॲक्सलला हात घातला. दुसरा आक्षेप डिझेलचा. कमिन्ससारख्या इंजिनाला कमी फेऱ्यांतच एवढा टॉर्क असतो की ३.४२ वरही ३५ इंची टायर तो सहज ओढतो. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही एकच सूत्र सगळ्यांवर लादत नाही. पण त्याच ट्रकला मागे जड ट्रेलर जोडला की कारखान्याच्या तक्त्यातली ओढण्याची क्षमता ॲक्सल रेशोप्रमाणे बदलते, हे त्या तक्त्यातच छापलेले असते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. दोन्ही ॲक्सलचे गिअर, बेअरिंग आणि मजुरी मिळून खर्च बहुधा टायरच्या संचाच्या घरात जातो. मग तेवढे पैसे कशाला घालावेत? याचे उत्तर असे की तो खर्च टायर घेताना झालेलाच असतो, फक्त पुढे ढकललेला असतो. तो टाळला तर इंधन, ट्रान्समिशनची झीज आणि चढावरची हतबलता यांतून भरावा लागतो. खर्च परवडत नसेल तर प्रामाणिक उत्तर लहान टायर हेच आहे. ट्यूनर या उपकरणाने संगणकाला नवे माप सांगितले की झाले, असे मानणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की त्याने स्पीडोमीटर सुधारतो, चाकावरची ओढ मात्र तीच राहते. ब्रेकबद्दलही हेच खरे. डिस्क आणि कॅलिपर तेच ठेवून चाक मोठे केले की रस्त्यावर मिळणारी रोखण्याची ताकद व्यासाच्या प्रमाणात, वरच्या उदाहरणात सुमारे दहा टक्क्यांनी, घटते. गिअर बदलून ब्रेक सुधारत नाहीत. ब्रेकचे पॅड, डिस्क आणि थांबायला लागणारे अंतर यांचा विचार वेगळा करावाच लागतो.

शेवटचा आक्षेप रस्त्यावरच्या इतरांचा आहे आणि तो सगळ्यात वजनदार आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात असे दिसले की ४० इंचांहून उंच नाकाची वाहने पादचाऱ्याला धडकली तर मृत्यूची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. उचललेला ट्रक ही उंची आणखी वाढवतो, त्याचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि बंपर मोटारीच्या बंपरशी जुळत नाही. कॅलिफोर्नियाने ४,५०१ ते ७,५०० पौंडांच्या वाहनांना फ्रेमसाठी ३० इंचांची कमाल उंची ठरवली आहे. अशा मर्यादा मला योग्य वाटतात. भारतात तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करण्याला फारच थोडी जागा उरली आहे. महाराष्ट्राचा या परंपरेशी खरा संबंध आहे. महिंद्राने मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली आणि नाशिकमध्ये आजही थार बनते. पण थारला किंवा व्ही-क्रॉस पिकअपला अमेरिकी मापाचे टायर चढवू पाहणाऱ्याने गिअरच्या आधी नोंदणी पुस्तक आणि विम्याची अट वाचावी. टेक्सास किंवा कोलोरॅडोत राहणाऱ्या मराठी मालकालाही तिथल्या राज्याचा नियम पाहावाच लागेल. कमीत कमी उंचीत काम भागवणारा ट्रक चालकाला आणि समोरच्याला, दोघांनाही बरा.

या पुस्तकाने स्वतःपुढे मर्यादित पण नेमके काम ठेवले आहे. कोणत्या कंपनीचे किट चांगले हे ते सांगत नाही, कारण किट दरवर्षी बदलतात. ते वाचकाला स्वतः हिशेब करायला शिकवते: व्यासावरून रेशो, रेशोवरून फेरे, फेऱ्यांवरून इंजिनाच्या टॉर्कची जागा, आणि मग वजन, उंची व ओढायचा भार यांची दुरुस्ती. ॲक्सलची ताकद, टायरच्या थरांची भारक्षमता, रिमचा ऑफसेट आणि ब्रेक हे विषय या हिशेबाच्या मर्यादा म्हणून येतात. ज्यांनी कधी डिफरन्शियल उघडलेला पाहिला नाही त्यांनाही ते समजावे अशी भाषा ठेवली आहे, आणि ज्यांचे हात त्यात मुरले आहेत त्यांना वाद घालता येईल इतके आकडे दिले आहेत. असा वाद या विषयाला हवाच आहे, कारण अजूनही पुष्कळ सल्ला ऐकीव असतो.

वाचकाला एकच विनंती आहे. टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहा: आताच्या टायरचा व्यास, ॲक्सलवरचा रेशो, सामानासकट ट्रकचे वजन, वर्षातले बहुसंख्य किलोमीटर कोणत्या रस्त्यावर जातात, आणि राज्याच्या नियमातली कमाल उंची. या पाचांतून जो सर्वांत लहान टायर काम भागवतो तो निवडा, आणि त्याला लागणारे गिअर त्याच दिवशी, त्याच पैशांत धरा. ते बसत नसेल तर टायर एक माप खाली आणा.